नऊ चिंचोके

"संशोधकांना असं आढळून आलं आहे..." एवढं मी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचलं की धावड्याच्या पारावर पुढे काय घडणार, हे मला आता पाठ झालं आहे. कोणीतरी खाकरतं. हॉटेलवाला चहाचं पातेलं सांडशीत धरून तसाच थांबतो. मी बातमी पुरी करतो. मग मिरचीवाले आबा बिडी दगडावर विझवतात आणि निकाल देतात, "हे तं आपल्याला आधीच माहीत व्हतं, गुरुजी."

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून हा कार्यक्रम चालू आहे. लंडन म्हणू नका, अमेरिका म्हणू नका, आपली मुंबईची आयआयटी म्हणू नका, सगळ्यांच्या बातम्या मी पारावर वाचून दाखवल्या. धावड्याला माहीत नाही अशी एकही गोष्ट त्यांना शोधता आलेली नाही. हळद गुणकारी असते? माहीत होतं. रात्री वेळेवर झोपावं? माहीत होतं. एकटी पडलेली माणसं लवकर खचतात? हे तर आबांच्या आजीला माहीत होतं, आणि तिने ते सरकारी अनुदान न घेता शोधलं होतं.

धावडा म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याच्या उत्तरेकडचं गाव. अजिंठ्याची डोंगररांग शेजारी, बुलढाणा जिल्ह्याची हद्द जवळ, त्यामुळे आमची बोली थोडी मराठवाड्याची, थोडी वऱ्हाडची, आणि भांडताना दोन्हीकडची. धावडा नावाचं झाडही असतं. त्याच्या डिंकाचे लाडू खाऊन किती बाळंतिणी कंबर सरळ करून उठल्या असतील याची गणती नाही. हाच डिंक घाट उतरून बंदरावर जायचा म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला 'घट्टी' म्हटलं. त्या नावाने तो परदेशात पोचला, आणि तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवायला तो चांगला म्हणून तिकडचे अन्नशास्त्रज्ञ त्याच्यावर निबंध लिहितात. ही बातमी मी वाचली तेव्हा आबा म्हणाले, "लाडू तं आपण पहिल्यापासून खातो." लाडवाचा आणि तेलाच्या थेंबांचा काय संबंध, असं मी विचारणार होतो. पण प्रतिप्रश्न करणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा पाराचा दंडक आहे.

आमच्या भागात मिरचीविषयी मात्र जपून बोलावं लागतं. भर उन्हात ठिबकावर रोप लावायचं, कोकडा रोग येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे, पहिल्या तोड्याला भाव मिळाला तर हसायचं आणि तिसऱ्या तोड्याला पडला तर व्यापाऱ्याच्या गाडीकडे बघत बसायचं, असं इथलं वर्ष. तेव्हा २०२१ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाला मिरचीच्या कामासाठी मिळालं (आर्डेम पाटापुटियन हे त्यांचे वाटेकरी, त्यांनी स्पर्शाचं कोडं सोडवलं), ही बातमी घेऊन मी अक्षरशः पळत पारावर गेलो. वाटलं, आज तरी गाव चकित होईल.

ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली मिरचीचा दरवाजा शोधला. आपल्या नसांच्या टोकांवर एक प्रथिन असतं. सुमारे ४३ अंशांच्या वर काही टेकलं की ते उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' असा निरोप धाडतं. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमक्या याच दरवाजाची कडी काढतं. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर जीभ भाजत नाही, मेंदूला तसा खोटा निरोप जातो.

"खोटा?" आबा म्हणाले. आपले दोन्ही तळवे त्यांनी माझ्यापुढे धरले. "तीस वर्सं मिरची तोडली. रात्रभर हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसायचो. ते सगळं खोटं व्हतं?"

मी म्हणालो, आग खरी, जाळ खोटा. आणि पाण्याचा उपयोग नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. तर तिथे उभी असलेली एक तोडणीची बाई म्हणाली, "म्हणून तं आम्ही हाताला तेल लावतो." आबांनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं एकाच वावरात, एकाच पिकात, आणि तेलाची गोष्ट बाईला माहीत होती, आबांना नव्हती. गाव गाव म्हणतो, पण गावातही कोणाला काय माहीत आहे, ते एकमेकांना माहीत नसतं.

आबांनी लगेच डाव उलटवला. "मंग पोपट कसा खातो मिरची? त्याला काहून झोंबत नाही?"

मला उत्तर येत नव्हतं. छत्तीस वर्षं गुरुजी म्हणून घेतलेल्या माणसाला हे कबूल करायला किती जड जातं, ते गुरुजींनाच विचारा. घरी येऊन भाच्याला फोन लावला. हा भाचा विद्यापीठात पीएचडी करतो. कधीपासून, हे विचारायचं नाही असं बहिणीने बजावलं आहे. त्याने सांगितलं की पक्ष्यांनाही तोच दरवाजा असतो, गरमीने तो उघडतोही, पण कॅप्सायसिनची किल्ली त्याला लागत नाही. ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेने हे २००२ साली दाखवलं. उंदरासारखे प्राणी बी चावून टाकतात, पक्षी ते अख्खं गिळून दूर नेऊन टाकतात. तेव्हा मिरचीचा तिखटपणा म्हणजे दाढा असणाऱ्यांसाठी लावलेली पाटी आहे: आत येऊ नये. ती वाचूनही हटकून आत शिरणारा एक प्राणी आहे, आणि तो चवीला भाकरीही सोबत घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं पारावर मांडलं. "पोपटाला मिरची चालते, हे माहीतच व्हतं," आबा म्हणाले. (पोपट पिंजऱ्यात पाळणं आता गुन्हा आहे, हेही माहीत असावं, पण तो विषय कोणी काढला नाही.) "पण का चालते?" मी विचारलं आणि सगळ्यांना चहा पाजला. आबा एक अख्खी बिडी संपेपर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, "त्याला कोणी इचारलंच नव्हतं."

चीनमध्ये पावणेपाच लाखांहून जास्त माणसांची पाहणी झाली आणि २०१५ साली ती छापून आली. जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसलं. ते मिरचीमुळेच, असं संशोधक म्हणत नाहीत. आबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "याच्यानं भाव वाढंल का?" आणखी एक गोष्ट मी एकदाच बोललो, पुन्हा बोलणार नाही: मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी धावड्यात कोणाला मिरची ठाऊकच नव्हती. त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

समुद्राच्या बातम्या मात्र पार मुकाट ऐकतो. समुद्र इथून तीनशेच्या वर किलोमीटर लांब. बरं, पश्चिमेचा समुद्र जवळचा म्हणावा तर आमच्या तालुक्याचं पाणी तिकडे जात नाही. ते पूर्णेला मिळतं, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी पार पलीकडे बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमची ओळख लांबच्या समुद्राशी. भोकरदनची तर फारच जुनी. तेव्हाचं भोगवर्धन. १९७३ साली तिथे उत्खनन झालं, आणि त्यात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघाली होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने ते शहर गाडलं, त्याच्या आधीच ती तिथे पोचलेली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. अभ्यासकांनी तिचं नातं धाराशिवकडच्या तेरशी जोडलं, तसं भोकरदनशीही जोडलं. आज भोकरदनहून जालन्याला जाताना आम्ही तीनदा घड्याळ बघतो, आणि ही बाई तेव्हा इटलीला जाऊन पोचली होती.

तर कासवाची बातमी. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर बागेश्री नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवून तिला सोडलं. ती अरबी समुद्रातून खाली उतरली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. बरं, ही गेली ते गेली. ओडिशाच्या गहिरमाथ्याला २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी, क्रमांक ०३२३३, जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं धरून चालणाऱ्यांना तिने कोड्यात टाकलं.

पारावर कोणीच "माहीत होतं" म्हटलं नाही. शेवटी भाजीची पाटी टेकवून बसलेली एक आजी म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी आली असंल."

"पण आजी, ओडिशालाही ती अंडी घालायच्या दिवसांतच सापडली होती."

"मंग माहेर कोणतं अन् सासर कोणतं?"

कासवांच्या अभ्यासकांपुढेही सध्या नेमका हाच प्रश्न आहे, फक्त ते शब्द वेगळे वापरतात. पीएचडीला विषय मिळत नसलेल्यांनी आमच्या पारावर येऊन बसावं, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

लोणार आमच्या शेजारचंच, जिल्हा सोडला की बुलढाण्यात. २०२०च्या जूनमध्ये, टाळेबंदीत, ते सरोवर एका रात्रीत गुलाबी झालं म्हणून फोनवर फोटो फिरायला लागले तेव्हा पारावर तीन मतं होती: कोरोना, कमळजादेवीचं कुंकू, आणि लवणासुराचं रक्त वर आलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की हे खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांनी आपला गुलाबी रंग काढला. पुढे ते तळाला बसले आणि पाणी होतं तसं झालं.

मला स्वतःला लोणारच्या रंगापेक्षा त्याच्या वयाची गोष्ट जास्त आवडते. अशनी आदळून ते विवर झालं, एवढ्यावर एकमत. पण कधी? बरीच वर्षं पन्नास हजारांच्या आसपासचा आकडा चालला. मग २०१० साली खडकातल्या आर्गॉन वायूवरून हिशेब निघाला तो पाच लाख सत्तर हजार वर्षांचा. एकदम अकरा पट! यावर हसू नये. आमच्या पारावर रोज बसणाऱ्या अकरा जणांपैकी सात जणांचा जन्म १ जूनचा आहे. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख आईला सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. "पोळ्याच्या आधी झाला, त्या साली विहिरीला पाणी लागलं व्हतं," एवढ्या पुराव्यावर मीही कितीएक जण १ जूनला जन्माला घातले आहेत. लोणारला निदान आर्गॉन तरी मिळाला.

मराठवाड्यात आता आणखी एक अचाट गोष्ट होऊ घातली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो नावाची वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यात लेझरचा किरण, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल टिपायची. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वलहर पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, १३० कोटी प्रकाशवर्षांवर.

"म्हणजे भांडण १३० कोटी वर्षांपूर्वीचं अन् आवाज आत्ता आला?" हॉटेलवाल्याने विचारलं. आमच्याकडे भांडणाचा आवाज पुढच्या आळीत भांडणाच्या आधी पोचतो, त्यामुळे त्याला ती यंत्रणा जरा संथ वाटली. पण लांबून जाणाऱ्या मालगाडीचा थरकापही या यंत्राला त्रास देतो आणि तो वजा करण्यातच शास्त्रज्ञांचे कष्ट जातात, हे ऐकून तो गंभीर झाला. त्याचं हॉटेल रस्त्याला लागून आहे. मिरचीच्या गाड्या रात्रभर जातात.

समाजशास्त्राचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात पाराचा विजय झाला. राजस्थानात उदयपूरकडच्या १३४ गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. (बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, मराठी. नोबेल २०१९ साली मिळालं, पण पाटणकर हे आम्ही त्याच दिवशी शोधून काढलं.) काही गावांत नेहमीसारखंच चालू ठेवलं. काही गावांत लसीकरणाची शिबिरं ठरल्या दिवशी, न चुकता भरवली. उरलेल्या गावांत शिबिर तर भरवलंच, वर दर लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्या की थाळ्या. पूर्ण लसीकरण पहिल्या गावांत ६ टक्के, दुसऱ्या १८, आणि डाळीच्या गावांत ३९. डाळीने माणूस येतो, हे धावड्याला अर्थातच माहीत होतं. पण डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च कमीच आला, कारण नर्सबाईला रिकामं बसावं लागत नव्हतं, हे कोणाला माहीत नव्हतं. "ग्रामसभेलाही डाळ ठेवली पायजे," एवढाच ठराव तोंडी मंजूर झाला.

आता माझी गोष्ट.

माझं वजन बावन्न किलो. शर्ट अजून लग्नातल्या मापाचा. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली तेव्हा मला धक्का बसला आणि पाराला करमणूक झाली. "गुरुजी, तुम्हाला साखर? ठेवता कुठं?" साखर म्हणजे पोट सुटलेल्यांचा आजार, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

भाच्याने मला दोन डॉक्टरांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. दोघेही सडपातळ, दोघेही उत्तीर्ण. मग क्ष-किरणांनी चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के. याज्ञिक २१.२ टक्के. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं अभ्यासली. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं साडेतीन. आपलं बाळ सगळीकडून लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने शाबूत. वरून किडकिडीत, आतून लोणी. मी तो फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, "हे डॉक्टर निदान स्वतःचं मोजून तरी छापतात."

तिचा रोख मला तेव्हा कळला नाही. पुढच्या तपासणीत कळला. तीन महिन्यांची साखर वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, चहा किती? मी म्हणालो, दोन. सकाळी एक, दुपारी एक. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कागदाकडे पाहिलं. माझ्यापेक्षा कागदावर त्यांचा जास्त विश्वास दिसला. घरी येऊन मी तक्रारीच्या सुरात हे भाच्याला सांगितलं.

"मामा, मोजले होते का?"

"मोजायचं काय त्यात? मला माहीत आहे."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. फोनच्या पलीकडे तो काही बोलला नाही. सात वर्षं पीएचडी केल्यावर माणूस इतपत शहाणा होतो.

मोजण्यावरून आठवलं, गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम मी पूर्वी वाचलं होतं. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. मिनिटाला श्वास किती, हे मोजलं की न्यूमोनिया ओळखता येतो. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दायांनी कसं मोजायचं? त्यांनी मण्यांचा श्वासमापक केला. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर औषध सुरू करायचं. पुढे ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, तेव्हा बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. आज आमच्या गल्लीत बाळंतीण घरी आली की आशाताई थर्मामीटर, घड्याळ आणि वजनाची झोळी घेऊन येते, बेचाळीस दिवसांत सहा वेळा, ती पद्धत तिथूनच निघालेली आहे.

आमच्याकडे न्यूमोनियाला डबा म्हणत. लेकराला डबा झाला. माझ्या पाठच्या भावाला झाला होता, तेव्हा मी पाच वर्षांचा असेन. त्यावर काय करायचं, ते आजीला माहीत होतं. तिने बिब्बा तापवून पोटावर तीन डाग दिले. तिने ते फार मायेने केलं, फुंकर घालत. तो दोन दिवसांनी गेला. ही गोष्ट मी पारावर कधी सांगितली नाही. पारावरच्या बहुतेकांच्या घरात ती आहे.

तर मी चिंचोके घेतले. डब्यात ठेवलेले असतातच. वीस मोजून सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकले आणि ठरवलं की कप संपला की एक चिंचोका उजव्या खिशात. अर्धा कप असला तरी कपच. पाहुण्यांकडचा असला तरी कपच. 'नको नको' म्हणत घेतलेला तर हटकून कप. पहिल्या दिवशी संध्याकाळी अंथरुणावर बसून उजवा खिसा उलटा केला. नऊ.

मला वाटलं, खिशात आधीचे असतील. दुसऱ्या दिवशी खिसे झटकून निघालो. आठ. तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ, आणि त्या दिवशी एकादशी होती.

छत्तीस वर्षं मी पोरांना 'मोजा व लिहा' शिकवलं. फळ्यावर चार आंबे काढायचे आणि खाली रिकामा चौकोन. आंब्याच्या जागी कप काढले असते तर माझं मलाच उत्तर आलं असतं.

बायकोसमोर चिंचोके मांडून मी कबुली दिली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय सांगायचं? हे तर मला चाळीस वर्षं माहीतच आहे."

"किती माहीत आहेत?"

"सात."

मी पुन्हा मोजले. नऊच होते. ती तांदूळ बाजूला सारून उठली, स्वतः एकेक चिंचोका फरशीवर सरकवत मोजून पाहिला, आणि माझ्याकडे बघत राहिली. पारावरचे दोन तिच्या हिशेबात नव्हते.

आता चिंचोके तिच्या ताब्यात आहेत. सकाळी मला चार मिळतात, संध्याकाळी परत द्यावे लागतात. आबांनी हे ऐकलं आणि विचारपूस करून स्वतःच्या बिड्यांसाठी मूठभर चिंचोके मागून नेले. त्यांचा आकडा त्यांनी अजून कोणाला सांगितलेला नाही. माझा सांगतो: आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, आणि डाव्या खिशात एक उरला आहे.